स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलाय? डबा उघडण्याआधी दोष शोधा

पावसाचे तीन महिने चादरीखाली झाकून ठेवलेला जुना स्टिरिओ चवथीच्या तोंडावर पुसून लावला की गोव्यातल्या अनेक घरांत एकच तक्रार निघते. एका बाजूचा स्पीकर वाजतच नाही, किंवा वाजतो पण दबका, नाहीतर आवाज वाढवला की खरखरतो. मग 'स्पीकर गेला' म्हणून तो दुकानात नेला जातो, आतली तारेची कॉइल बदलली जाते, आणि घरी आणून लावल्यावर तक्रार जिथल्या तिथे. कारण दोष स्पीकरमध्ये नव्हताच, अँप्लिफायरच्या मागे काळ्या पडलेल्या वायरीत होता.

या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी सोय म्हणजे जोडीतला दुसरा स्पीकर शाबूत असतो. त्याच मापाचा, तितकाच जुना नमुना शेजारी असताना महागडी यंत्रं लागत नाहीत. बिघडलेल्या बाजूला जे मोजाल, ऐकाल, बोटाने दाबून पाहाल, ते लगेच चांगल्या बाजूलाही करून पाहायचं. फरक जिथे पडेल तिथे दोष. साहित्यही फार नाही: साधा डिजिटल मल्टिमीटर, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, योग्य मापाचा स्टार स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचा कटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. डबा उघडावा लागलाच तर २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि थोडी सोल्डर.

आधी व्होल्टेज मोजा, मग अदलाबदल करा

डावा-उजवा स्पीकर अदलून पाहा, हा सल्ला कोणीही देतो. सल्ला बरोबर आहे, पण त्याच्याआधी एक मोजमाप करायला हवं. अँप्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी शॉर्ट झाले असतील तर स्पीकरच्या टर्मिनलवर थेट डीसी व्होल्टेज येतं. त्याच डीसीने पहिला स्पीकर जळालेला असू शकतो. अशा वेळी डोळे मिटून अदलाबदल केली तर चांगला स्पीकरही गेला म्हणून समजा. सेट चालू करताच वूफरचा (जाड सुराच्या मोठ्या स्पीकरचा) कोन, म्हणजे पुढचा कागदी शंकू, 'धप्प' करून बाहेर किंवा आत जाऊन तिथेच थांबत असेल, जोरात घरघर येत असेल किंवा जळकट वास येत असेल, तर ही शंका पक्की धरा.

सेट बंद करा, प्लग काढा, दोन्ही स्पीकरच्या वायरी अँप्लिफायरमधून सोडवा. आवाज शून्यावर ठेवा. मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर घेऊन लाल टोक लाल टर्मिनलला आणि काळं टोक त्याच बाजूच्या काळ्या टर्मिनलला मगरी क्लिपने आधीच जोडा आणि मगच सेट चालू करा. चालू सेटवर हाताने टोकं धरायला गेलात आणि एखादं घसरून दोन टर्मिनल जोडली गेली, तर धडधाकट अँप्लिफायर तिथेच उडतो. ज्या सेटमध्ये संरक्षणाचा रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) असतो तो चार-पाच सेकंदांनी 'टक्' वाजतो. रीडिंग त्यानंतरचं घ्यायचं. ते ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. ०.१ च्या वर गेलं तर अँप्लिफायर दाखवून घ्यावा. एक व्होल्ट किंवा अधिक दिसलं तर त्या बाजूला कुठलाही स्पीकर जोडू नका. रिले वाजलाच नाही तर आतल्या संरक्षणाने स्पीकर तोडून ठेवले आहेत, म्हणजे तपास अँप्लिफायरचाच करायचा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर असेल तर हा प्रकार करू नका. तो स्पीकरचा लोड न देता चालवायचा नसतो.

दोन्ही बाजू ठीक निघाल्या की अदलाबदल. सेट पुन्हा बंद करून डाव्या स्पीकरची वायर उजव्या टर्मिनलला आणि उजव्याची डाव्याला लावा. लाल-काळा क्रम मोडू नका. आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा. दोष स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर तो स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. दोष आहे त्याच बाजूला राहिला, म्हणजे डावीकडे आता चांगला स्पीकर लावूनही डावीकडेच आवाज नसेल, तर स्पीकर निर्दोष आहे. त्याला हात लावू नका.

आणखी एक साधी गोष्ट, जी कोणी करत नाही: सेटकडे पाठ करून उभे राहा. दबका वाटणारा कान आता बदलला का? एका कानात मळ साचलेल्या माणसाने दोन वर्षं स्पीकरला दोष दिला तरी स्पीकर काय करणार!

दोष अँप्लिफायरच्या बाजूला असेल तर

अँप्लिफायर उघडायच्या आधी बाहेरची बटणं तपासा. बॅलन्सची खुंटी मध्यावर आहे का? स्पीकर ए-बी निवडायचा स्विच अर्धवट बसलाय का? जुन्या सेटवर 'टेप मॉनिटर' नावाचं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं तर दोन्ही बाजू गप्प होतात, आणि त्याचे आतले संपर्क काळे पडले असतील तर एकच बाजू जाते. ही सगळी बटणं आणि खुंट्या सेट बंद ठेवून वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवा. महिनोन्‌महिने न हललेल्या संपर्कांवर आर्द्रतेने जो थर बसतो, तो घासला जाऊन पुष्कळदा आवाज तिथेच परत येतो. तेवढ्याने भागलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर लागेल. दाराच्या बिजागरीला मारायचा गंजाचा स्प्रे मात्र खुंटीत मारू नका. त्याचा तेलकट थर धूळ धरतो आणि सहा महिन्यांत खरखर दुप्पट होते.

मग कॅसेट डेक, सीडी प्लेअर किंवा फोनकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरच्या मागे आपसात बदला. दोष बाजू बदलून गेला तर तो त्या डेकमध्ये किंवा पिनेच्या वायरीत आहे. न गेल्यास अँप्लिफायरमध्ये.

इथे एक लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे: हळू आवाजात एक बाजू गायब असते, आवाज जरा जोरात केला की एकदम परत येते, आणि मग कमी केला तरी थोडा वेळ टिकते. हे रिलेच्या संपर्कांवर काजळी धरल्याचं लक्षण. मोठा करंट त्या थरातून वाट काढतो, छोट्याला जमत नाही. पॉलिश पेपरने संपर्क घासणारे मेकॅनिक भेटतील, पण घासलेला मुलामा परत येत नाही. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा आणि त्याच पिनांचा नवा रिले बसवून घेणं हेच शहाणपणाचं. हे काम मेकॅनिककडेच द्या. प्लग काढल्यावरही आतले मोठे फिल्टर कंडेन्सर काही काळ विजेने भरलेले असतात.

तारवट्यांनी, म्हणजे जहाजावरच्या खलाशांनी, बोटीवरून किंवा आखातातून आणलेल्या सेटबाबत एक सावधगिरी. जपानच्या देशी बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. असा सेट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरच चालतो. काही सेटच्या पाठीला व्होल्टेज निवडायची चकती असते. धूळ पुसताना ती हललेली नाही ना, हे प्लग लावण्याआधी पाहून घ्या.

वायर आणि टर्मिनल: बहुतेक चोर इथेच सापडतात

समुद्राजवळच्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही असतात. कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनारपट्टीच्या गावांत उघडी तांब्याची तार काही पावसाळ्यांतच आधी तपकिरी आणि मग काळी-हिरवी होते. हा थर वीज नीट वाहू देत नाही. आवाज दबतो, येतो-जातो किंवा वायर हलवली की 'चर्रर्र' होतो. फोंडा-साखळीकडे मीठ कमी, पण पावसाळ्यातली ओल तिथेही आहेच.

वायरीची दोन्ही टोकं १ सेंटीमीटर कापून टाका आणि नवीन १० ते १२ मिलिमीटर सोला. तार लख्ख लालसर दिसली पाहिजे. इन्शुलेशनच्या आतही काळी निघाली तर अजून कापा. हातभर आत गेलात तरी काळीच असेल तर ती वायर संपली. नवीन घेताना पाच-सात मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची साधी दोन पदरी तांब्याची लवचीक वायर भरपूर होते. पाच मीटरच्या जाण्या-येण्यात तिचा रोध जेमतेम ०.१२ ओहम भरतो. सोन्याच्या भावाने विकली जाणारी 'ऑडिओ केबल' या कामाला लागत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर मात्र घेऊ नका, आपल्या हवेत ती आतून भुकटी होते.

सोललेले धागे घट्ट पिळा. एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट होतो, आणि संरक्षण नसलेला अँप्लिफायर त्यात जातो. टर्मिनलच्या स्प्रिंग क्लिपच्या आतली पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, कापूस काळा निघेनासा होईपर्यंत. क्लिपची पकड सैल झाली असेल तर वायरीला टोकाशी सोल्डर देऊन जाड करू नका. सोल्डर मऊ असते, दाबाखाली बसत जाते आणि संपर्क पुन्हा सैल होतो. टोकाला दाबून बसवायची पिन वापरा. फिलिप्ससारख्या युरोपियन सेटमध्ये दोन पिनांचा डिन प्लग असतो, एक पिन गोल आणि एक चपटी. गोल पिन अधिक, चपटी उणे. स्पीकरमागे चार टर्मिनल असतील तर त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या घट्ट आहेत का पाहा. त्यातली एक सैल असली की फक्त ट्विटर (उंच सुराचा छोटा स्पीकर) किंवा फक्त वूफर बंद पडतो, आणि आपण डबा उघडून बसतो.

टोकं बदलताना एका बाजूला लाल-काळा उलट लागला, तर दोन्ही स्पीकर वाजतात पण ढोल-तबल्याचा भरणा नाहीसा होतो. एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो, हवेचा दाब एकमेकांना खोडतो. तपासायला मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, ध्वनिमुद्रण लावा. केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्या मुळात मोनोच आहेत. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसल्यावर गाणं समोर मध्यभागी ऐकू यायला हवं. आवाज दोन्ही बाजूंना विखुरल्यासारखा, डोक्यामागून आल्यासारखा वाटला, तर एका स्पीकरची वायर उलटी लावून पुन्हा ऐका.

डब्याच्या मागून मीटर काय सांगतो

वायर काढलेल्या स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जे ०.२-०.५ ओहम दिसतात ते वजा करायचे. पाठीवर ८ ओहम लिहिलेला स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ६ ओहमचा ४.५ ते ५.५, ४ ओहमचा ३ ते ३.८. लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी दिसतं म्हणून घाबरू नका. तो आकडा एसीचा आहे, मीटर डीसीने मोजतो. चांगल्या स्पीकरचं रीडिंग घेऊन ते शेजारी लिहा. दोघांत अर्ध्या ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधायला हवं. शून्याच्या जवळ काही दिसलं तर शॉर्ट. मीटरने 'ओएल' किंवा नुसता १ दाखवला तर मार्ग तुटलेला आहे.

हा मीटर फक्त वूफरचा मार्ग मोजतो. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर असतो आणि तो डीसी अडवतो. म्हणून ट्विटर पूर्ण जळालेला असला तरी डब्यामागचं रीडिंग अगदी बरोबर येऊ शकतं. 'मीटर ठीक दाखवतोय, म्हणजे स्पीकर ठीक' हा निष्कर्ष इथे फसतो.

ट्विटर वाजतो का ते कानानेच पाहावं लागतं. जुन्या वर्तमानपत्राची बोटभर जाडीची नळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं ट्विटरच्या घुमटासमोर दोन सेंटीमीटरवर धरा, आवाज हळू ठेवा. टाळ, झांजा, हार्मोनियमची तार पट्टी ऐकू आली पाहिजे. मग तीच नळी चांगल्या स्पीकरवर. फरक क्षणात कळतो.

वूफरसाठी पेन्सिल सेल. त्याचं अधिक टोक लाल टर्मिनलला आणि उणे काळ्याला निमिषभर टेकवा. 'टप्' असा आवाज येऊन कोन पुढे यावा. मागे गेला तर आतल्या वायरी कोणीतरी उलट्या जोडल्या आहेत, आणि हे एकदा उघडून दुरुस्त केलेल्या स्पीकरमध्ये वरचेवर दिसतं. सेल धरून ठेवू नका, ९ व्होल्टचा सेल वापरू नका, आणि सुट्या ट्विटरला सेल लावूच नका.

डबा उघडल्यावर

स्पीकर पाठीवर झोपवून, कोन आकाशाकडे ठेवून स्क्रू काढा. गंजलेल्या स्क्रूवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून अर्धा तास थांबा आणि वरून पूर्ण दाब देऊन फिरवा. सावध राहा, मॅग्नेट स्क्रूड्रायव्हरला खेचून घेतो, आणि तो घसरला तर कागदी कोनातून आरपार जातो. दुसरा तळहात कोनाच्या वर आडवा धरून काम करा. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा. बहुतेक ड्रायव्हरवर (डब्यातल्या सुट्या वूफर-ट्विटरवर) वायर जोडायची रुंद पाती अधिक आणि अरुंद पाती उणे असते.

प्रत्येक ड्रायव्हरची एक वायर सोडवून त्याच्याच पात्यांवर मीटर लावा आणि चांगल्या डब्यातल्या जोडीदाराशी ताडून पाहा. ट्विटर 'ओपन' निघाला तर कॉइल जळाली. याला बहुधा छोटा अँप्लिफायर पूर्ण आवाजावर ओढणं कारणीभूत असतं. ताकद संपली की अँप्लिफायर लहरीचं टोक कापतो, त्यातून उंच पट्टीची बेसुमार ऊर्जा तयार होते आणि ती सगळी ट्विटरच्या बारीक तारेत उष्णता होऊन साचते. म्हणून 'माझा अँप्लिफायर फक्त २० वॉटचा आहे, तो काय स्पीकर जाळणार' हे म्हणणं उलटं आहे. मूळ मॉडेलचा ट्विटर किंवा त्याचा डायफ्रॅम मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास त्याच ओहमचे, त्याच व्यासाचे, संवेदनशीलतेच्या आकड्यात मूळच्याजवळ जाणारे दोन घ्या आणि दोन्ही डब्यांत बसवा. एकाच बाजूला वेगळा ट्विटर लावला की टाळाचा आवाज कायम एकाच बाजूला झुकतो.

ट्विटर मोजमापात ठीक, पण आवाज दबका? मग नजर कंडेन्सरवर. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि ट्विटरला आपापली पट्टी वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) 'बीपी' किंवा 'एनपी' लिहिलेला नॉन-पोलर, म्हणजे अधिक-उणे नसलेला, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतो, बहुधा २.२ ते १० मायक्रोफॅरडचा. आतला ओला रसायनी थर वर्षानुवर्षांत वाळतो आणि किंमत घसरते किंवा अंतर्गत रोध वाढतो. परिणाम किती होतो पाहा: ८ ओहमच्या ट्विटरसमोर ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर असेल तर ट्विटरची सुरुवात साधारण ४२०० हर्ट्झला होते. तोच वाळून २.२ वर आला की सुरुवात ९००० हर्ट्झला जाते. मधला सगळा भाग, म्हणजे सतारीच्या तारेची धार आणि उच्चारांतले 'स', 'श', पार दबून जातात. ट्विटर मात्र वाजतोय असं वाटत राहतं.

कंडेन्सर मोजायचा तर त्याचा एक पाय सोल्डर काढून मोकळा करा आणि कपॅसिटन्स असलेल्या मीटरवर लावा. बदलताना किंमत तीच, व्होल्टेज १०० किंवा वर, आणि प्रकार पॉलिप्रॉपिलीन. घरच्या पंख्यातला २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हाही पॉलिप्रॉपिलीन आणि नॉन-पोलरच असतो. नवा घेऊन त्याला २.२ चा समांतर जोडला की ४.७ होतात. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. साधा अधिक-उणे असलेला इलेक्ट्रोलिटिक मात्र इथे चालत नाही. नवे कंडेन्सर आकाराने मोठे असतात. हॉट ग्लूने लाकडाला चिकटवा, नाहीतर तेच आत थडथडतील. आणि पुन्हा तेच, दोन्ही डब्यांत बदला. नव्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने उंच पट्टी थोडी चमकदार वाटली, तर मालिकेत ०.५ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टन्स टाकता येतो. क्रॉसओव्हरच्या पट्टीवर सोल्डरभोवती करडी गोल रेघ दिसली तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेला जोड. तिथे आयर्न टेकवून नवी सोल्डर द्या. काही स्पीकरच्या पुढे ट्विटरचा आवाज कमी-जास्त करायची खुंटी असते. तिच्यातही तोच आर्द्रतेचा थर धरतो, इलाजही तोच.

वूफरला कोनाकडे जाणाऱ्या दोन विणलेल्या तारा असतात. आवाज मोठा झाला की मध्येच खंड पडत असेल तर पात्याच्या मुळाशी यातली एखादी आतून तुटलेली असते. हळू आवाजात गाणं लावून लाकडी काडीने तार अलगद हलवा, लगेच समजेल. जोडताना तारेचा झोळ जुन्याइतकाच ठेवा. आखूड केली तर कोनाला ती धरून ठेवते.

फोम कुजलेला वूफर

कोनाच्या कडेला जी वाटोळी घडी असते ती कापडी, रबरी किंवा फोमची. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या पुष्कळ स्पीकरमध्ये फोम होता. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने रेणूरेणूने तुटत जातो, आणि उबदार दमट हवेत हे लवकर होतं. न वाजवता कपाटात ठेवला तरी सुटका नाही. बोटाच्या टोकाने हलकेच दाबा: भुगा पडला किंवा चिकट काळं लागलं तर फोम संपला. अशा वूफरचा बास फडफडतो, कोन एका बाजूला कलतो, आणि तसाच वाजवत राहिलात तर कॉइल घासून जळते. फोम फाटलाय म्हणून वूफर टाकून देऊ नका. कॉइल शाबूत असेल तर नवा फोम बसवून तो अजून पुष्कळ वर्षं चालेल.

फोम मागवताना '८ इंची' एवढंच सांगून भागत नाही. पत्र्याच्या चौकटीचा आतला व्यास, कोनाचा बाहेरचा व्यास, घडीची रुंदी, आणि फोम कोनाला वरून चिकटलाय की खालून, हे चारही मिलिमीटरमध्ये लिहून द्या. जुना फोम आणि डिंक बोथट सुरीने सावकाश खरवडा. अल्कोहोल वापरायचं तर चौकटीवर. कागदी कोन भिजवू नका.

पुढची पायरी नाजूक आहे. कॉइल मॅग्नेटच्या फटीत बरोबर मध्यभागी राहिली पाहिजे. मधली टोपी धारदार पात्याने कडेला २-३ मिलिमीटर सोडून कापा. आत कॉइलची नळी आणि मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार अरुंद पट्ट्या चार दिशांना सारा. कॉइल आता हलणार नाही. कागदी कोनाला पांढरा पीव्हीए डिंक चालतो, प्लॅस्टिकच्या कोनाला त्यासाठीचाच डिंक हवा. आधी फोम कोनाला चिकटवा, वाळू द्या, मग चौकटीला. चौकटीचा डिंक ओला असताना कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून आत-बाहेर करून पाहा. एरवी २४ तास वाळवायला पुरतात, पावसात ४८ द्या. मग पट्ट्या काढून पुन्हा कोन दाबा. जराही खर्र ऐकू आलं नाही तरच टोपी चिकटवायची.

आपल्याकडचे कारागीर बऱ्याचदा फोमच्या जागी रबर बसवतात. टिकायला रबर सरस, वादच नाही. पण ते जड आणि ताठ असल्याने वूफरचा स्वभाव बदलतो, खोल बास थोडा कमी होतो. डबा मोठा आणि आवाज आधीच भरदार असेल तर चालून जातं. छोट्या बुकशेल्फ स्पीकरला फोमच घालावा, दर पंधरा-वीस वर्षांनी बदलायची तयारी ठेवून. काहीही निवडा, दोन्ही बाजूंना एकच.

फोम चांगला असूनही कोन दाबल्यावर खरखर येत असेल तर दोन शक्यता. मागची नक्षीदार पिवळी जाळी, जिला स्पायडर म्हणतात, ती वजनाने खाली झुकली असेल तर वूफर डब्यात १८० अंश फिरवून बसवा. काही आठवड्यांत कॉइल मध्यावर सरकते. दुसरी शक्यता गंजाची. खाऱ्या हवेत मॅग्नेटच्या फटीतल्या लोखंडाला गंज फुटतो आणि त्याचे कण कॉइलवर घासतात. हे बाहेरून साफ होत नाही. कोन काढून फट चिकटपट्टीने पुसून नवा कोन-कॉइल, म्हणजे रिकोन, हाच उपाय. खर्च विचारून मगच ठरवा, कारण तेवढ्यात दोन नवे वूफर येत असतील तर रिकोनचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

परत बसवताना

मागच्या किंवा पुढच्या गोल भोकात टॉर्च मारून पाहा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते, कधी झुरळं आणि पालीची अंडीही निघतात. भोक अर्धं बुजलं तर बास घोगरा होतो. माती काढून मोठ्या छिद्रांची नायलॉनची जाळी आतून लावा. डासांची बारीक जाळी नको, ती हवा अडवते.

भुशाच्या पाटीचा डबा ओलीने फुगला की स्क्रूची भोकं सैल होतात. काडेपेटीच्या दोन काड्या लाकडाच्या डिंकात बुडवून भोकात घाला, वाळल्यावर वरचं कापून स्क्रू पिळा. वूफरखालची हवा अडवणारी गॅस्केट फाटली असेल तर खिडकीला लावतात ती फोमची पट्टी चालते. बंद डब्याचा स्पीकर नीट बसला का हे पाहायला वूफरचा कोन हलके दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर हवा कुठून गळत नाही. भोक असलेल्या डब्याला ही परीक्षा लागू नाही.

डबे चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. चिरा पाणी शोषून धरतो आणि पाठची पाटी वर्षभर ओली राहते. वीतभर अंतर आणि खाली स्टँड हवा. पावसाळ्यात चादरीखाली गुंडाळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर सेट वाजवा. अँप्लिफायरच्या उष्णतेने आतली ओल जाते, खुंट्या-रिले हलते राहतात. विजा चमकायला लागल्या की मात्र प्लग भिंतीतून काढा आणि अँटेनाची वायरही सोडवा, नुसता स्विच बंद करून पुरत नाही.